रशियात निकाल कोर्टाच्या आधीच लागतो, तो कसा?

एप्रिल 2019 मधली गोष्ट. दिल्लीहून तेल अवीवला निघालेली एक इस्रायली-अमेरिकन तरुणी मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर फक्त विमान बदलत होती. तिच्या चेक-इन केलेल्या बॅगेत साडेनऊ ग्रॅम चरस सापडला. बॅग तिच्या हातात नव्हती, रशियात तिला उतरायचंही नव्हतं. तरीही तिच्यावर थेट अमली पदार्थांच्या तस्करीचा गुन्हा लागला आणि ऑक्टोबरात मॉस्कोजवळच्या खिम्की शहरातल्या कोर्टाने साडेसात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे जानेवारी 2020 मध्ये पुतिन यांनी तिला माफी दिली आणि इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू तिला आपल्या विमानातून घरी घेऊन गेले.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रकारची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, "तिकडे कायदा फार कडक हो." कुणी म्हणतं, "कसला कायदा, पुतिन म्हणतील ती पूर्व." या एकाच प्रकरणात दोघांनाही आपापला पुरावा मिळतो, आणि तरीही दोघांच्या हातून मधला मोठा भाग निसटतो. शिक्षा आणि माफी यांच्या मध्ये एक यंत्रणा आहे. ती रोज हजारो अनोळखी माणसांचे खटले निकाली काढते, आणि त्यातल्या बहुतेकांचं नावसुद्धा क्रेमलिनमध्ये कुणाला ठाऊक नसतं. आपल्याकडची कितीतरी मुलं मेडिकलला रशियात आणि किर्गिझस्तानात जातात, तेव्हा ही यंत्रणा समजून घेणं ही आता नुसती हौस राहिलेली नाही.

खटल्यातली माणसं

रशियन फौजदारी खटल्यातला सगळ्यात वजनदार माणूस कोर्टात दिसतच नाही. तो म्हणजे तपास अधिकारी. संशयिताच्या मागावर फिरणारा, खबरी सांभाळणारा पोलीस वेगळा; तपास अधिकारी ऑफिसात बसून फाइल उभी करतो. जबाब, झडतीचे पंचनामे, तज्ज्ञांचे अहवाल, प्रत्येक पायरीवरचे आदेश, सगळं पान क्रमांक घालून आणि दोऱ्याने शिवून. मोठ्या आर्थिक प्रकरणात अशा खंडांनी कपाटं भरतात. झडतीच्या वेळी दोन पंच लागतात, अगदी आपल्यासारखेच. आणि तेच ते पंच पुन्हा पुन्हा दिसतात अशी तिकडच्या वकिलांची तक्रार असते, तीही अगदी आपल्यासारखीच.

दुसरा माणूस प्रोकुरोर. याला आपण सरकारी वकील म्हणून मोकळे होतो, पण त्याचा पसारा फार मोठा आहे. पीटर द ग्रेटने 1722 मध्ये हे खातं काढलं ते 'सम्राटाचा डोळा' म्हणून. क्रांतीत ते मोडलं आणि 1922 मध्ये सोव्हिएत सरकारने ते पुन्हा उभं केलं. कोर्टात आरोप मांडणं हे या खात्याचं एक काम झालं. त्याखेरीज शाळा, कारखाना, नगरपालिका, कुणीही कायदा पाळतंय की नाही हे तपासायचा अधिकार त्याला आहे. तिथे एखाद्या व्यावसायिकाला पोलीस दारात आल्यावर जेवढा घाम फुटतो, तेवढाच प्रोकुरोरची तपासणी आल्यावर फुटतो. 2011 पासून गंभीर गुन्ह्यांचा तपास 'तपास समिती' नावाच्या वेगळ्या खात्याकडे आहे, आणि ते खातं थेट राष्ट्राध्यक्षांना बांधील आहे.

तिसरे न्यायाधीश. सर्वात खालच्या पायरीवरचे शांती-न्यायाधीश सोडले तर बाकी बहुतेकांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. प्रत्येक कोर्टाला एक अध्यक्ष असतो, सहा वर्षांच्या मुदतीचा. बढती, रजा, कामाची वाटणी अशा बाबतीत त्याचा शब्द चालत आला आहे.

कागदावर पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. 1993 च्या राज्यघटनेत गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानायचा, असं स्पष्ट लिहिलंय. 2001 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन्ही बाजूंना समान स्थान आहे. आणि तरीही निर्दोष सुटणाऱ्यांचं प्रमाण कित्येक वर्षं एक टक्क्याच्या खाली आहे; अलीकडे तर ते अर्ध्या टक्क्याच्याही आत राहिलंय.

रजिस्टरमधल्या काठ्या

याचं उत्तर शोधायला वरच्या मजल्यावर जायची गरज नाही, पोलीस ठाण्याचं रजिस्टर पुरे. रशियात या कारभाराला 'काठ्यांची व्यवस्था' म्हणतात. काठी म्हणजे नोंदवहीत मारलेली उभी रेघ. एक गुन्हा उघडकीला आला, एक रेघ. एक प्रकरण कोर्टात गेलं, आणखी एक रेघ. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर या रेघा मोजायच्या आणि गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडून बघायच्या.

समजा गेल्या वर्षी पहिल्या तिमाहीत एका ठाण्याने अमली पदार्थांची चाळीस प्रकरणं दाखवली. यंदा तीसच झाली तर साहेब विचारणार, काम करता की झोपा काढता? गुन्हे खरोखर कमी झाले असतील, हे उत्तर चालत नाही. ऐंशी झाली तर शाबासकी मिळेल, पण पुढच्या वर्षी तेवढीच आणायची कुठून? म्हणून शहाणा अधिकारी बेचाळीस-त्रेचाळीसवर थांबतो. बँकेत किंवा विमा कंपनीत मार्चअखेर काढलेल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको.

आता या बेचाळीस काठ्या आणायच्या कुठून? मोठा पुरवठादार पकडायला सहा महिने पाळत ठेवावी लागते, आणि रेघ एकच मिळते. खिशात पुडी घेऊन फिरणारा पोरगा एका संध्याकाळी सापडतो, तरी रेघ एकच. रशियन फौजदारी संहितेचं 228 वं कलम अमली पदार्थ बाळगण्याबद्दल आहे. त्याखाली इतकी माणसं तुरुंगात गेली की लोक त्याला 'जनतेचं कलम' म्हणतात. सहा ग्रॅम गांजा किंवा दोन ग्रॅम चरस ओलांडला की प्रकरण दंडाच्या पावतीवरून फौजदारीत जातं. त्या मर्यादेच्या जरासं पुढे सापडलेल्यांची संख्या संशयास्पद वाटावी इतकी जास्त असते, हे तिथल्या अभ्यासकांनी आकडे मांडून दाखवलंय.

एक प्रकरण जवळून

6 जून 2019 ला मॉस्कोत इवान गोलुनोव नावाच्या पत्रकाराला पोलिसांनी भर रस्त्यात पकडलं. तो 'मेदुझा' या वृत्तसंस्थेसाठी शहरातल्या भ्रष्टाचाराच्या बातम्या काढत असे. पोलीस म्हणाले, पाठीवरच्या पिशवीत अमली पदार्थांच्या पुड्या सापडल्या. मग म्हणाले, घरातही सापडल्या. गृहमंत्रालयाने प्रयोगशाळेसारख्या खोलीचे फोटो प्रसिद्ध केले. त्यातले जवळपास सगळे त्याच्या घरातले नव्हतेच, हे लवकरच मंत्रालयाला मान्य करावं लागलं.

10 जूनला कोमेरसांत, वेदोमोस्ती आणि आरबीके या तीन मोठ्या दैनिकांनी एकच पहिलं पान छापलं: 'मी/आम्ही इवान गोलुनोव'. दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी स्वतः प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. दोन पोलीस जनरल पदावरून गेले आणि 2021 मध्ये पाच पोलिसांना पाच ते बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या.

वरवर पाहता ही सत्याच्या विजयाची कथा आहे. मला मात्र यात वेगळीच गोष्ट खटकते. पोलिसांना हे सगळं करताना धाकधूक वाटली असावी असं कुठे दिसत नाही. फोटोसुद्धा धड जुळवलेले नव्हते, कारण एरवी कुणी ते ताडून बघतच नाही. गोलुनोवच्या मागे तीन दैनिकं उभी राहिली. त्याच आठवड्यात 228 खाली पकडल्या गेलेल्या बाकीच्यांच्या मागे कोण होतं?

पण न्यायाधीश तर स्वतंत्र आहेत ना?

आहेत, आणि बहुतेकांना कुणी काही सांगतही नाही. त्यांची अडचण निराळी आहे. लग्नाचा हॉल ठरलाय, पत्रिका छापून झाल्यात, केटरिंगवाल्याला आगाऊ रक्कम गेली, आणि मग गुरुजींना विचारलं, बघा हो गुण जुळतात का? गुरुजी प्रामाणिक असले तरी त्या घडीला 'नाही' म्हणणं सोपं नसतं. खटला कोर्टात येतो तोवर तपास अधिकाऱ्याने फाइल शिवलेली असते, त्याच्या वरिष्ठाने सही केलेली असते, प्रोकुरोरने आरोपपत्र मंजूर केलेलं असतं आणि आरोपी कित्येक महिने कच्च्या कैदेत असतो. अटकेत ठेवण्याचा अर्ज कोर्टात गेला की दहातले साधारण नऊ मंजूर होतात, म्हणजे न्यायाधीशांची पहिली सही तिथेच पडलेली असते.

अशा वेळी 'निर्दोष' लिहिणं म्हणजे या सगळ्या साखळीला चूक म्हणणं. कायद्याने सुटलेल्या माणसाला सरकारकडून भरपाई मिळते आणि प्रोकुरोरला राज्याच्या वतीने त्याची माफी मागावी लागते. साहजिकच निर्दोष सुटकेच्या जवळपास प्रत्येक निकालावर प्रोकुरोर अपील ठोकतो. वरच्या कोर्टात निर्दोष ठरवणारे निकाल दोषी ठरवणाऱ्या निकालांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरतात. निकाल फिरला की न्यायाधीशाच्या नावापुढेही उलटी काठी पडते. ही सवय जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोव्हिएत काळात निर्दोष सुटका म्हणजे कारखान्यातून निघालेला सदोष माल, अशी समजूत पक्की झाली आणि ती आजही उतरलेली नाही.

मग न्यायाधीश मधली वाट काढतात. पुरावा कच्चा वाटला तर निर्दोष सोडण्याऐवजी शिक्षा हलकी करायची, स्थगित ठेवायची, किंवा कोठडीत जेवढे दिवस गेले नेमकी तेवढीच द्यायची. तिकडच्या वकिलाला दोन वर्षांची स्थगित शिक्षा मिळाली तर तो अशिलाचं अभिनंदन करतो. निकालपत्राचे परिच्छेदच्या परिच्छेद आरोपपत्रातून जसेच्या तसे उतरलेले असतात, टंकलेखनाच्या चुकांसकट. तपास अधिकारी फाइलबरोबर पेनड्राइव्हही देतो ही तिथल्या वकिलांच्या बोलण्यात नेहमी येणारी गोष्ट आहे.

यात भर पडते 'विशेष प्रक्रिये'ची. आरोपीने आरोप मान्य केला की पुरावा तपासायचाच नाही, आणि शिक्षा कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशापलीकडे जाणार नाही. 2002 पासून ही सोय आहे आणि 2010 च्या दशकाच्या मध्यात निम्म्याहून जास्त खटले असेच निघत होते. ते इतकं सैल झालं की 2020 मध्ये गंभीर गुन्ह्यांना ही सोय बंद करावी लागली.

जपानमध्ये तरी कोण निर्दोष सुटतं?

हा आक्षेप रास्त आहे. जपानमध्येही दोषसिद्धी 99 टक्क्यांच्या वर आहे. फरक असा की जपानी सरकारी वकील कच्ची प्रकरणं मोठ्या संख्येने कोर्टात नेतच नाहीत, आधीच सोडून देतात. रशियात एकदा गुन्हा दाखल झाल्यावर तपास बंद करणं ही तपास अधिकाऱ्याची नामुष्की असते, कारण मारलेली काठी खोडावी लागते. त्यामुळे गाळायचं काम होतं ते गुन्हा नोंदवण्याच्या आधी. आरोपी आयता सापडत नसेल तर तक्रार घ्यायलाच टाळाटाळ. हे मात्र आपल्या वाचकाला कुठल्या जपानी उदाहरणाशिवाय कळेल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एक टक्क्याच्या आकड्यात कोर्टाने मध्येच बंद केलेली प्रकरणं धरलेली नाहीत. फिर्यादी आणि आरोपीत समेट झाला की किरकोळ गुन्ह्यांचे खटले बंद होतात, आणि अशा बंद होणाऱ्यांचा वाटा चांगला मोठा, साधारण पाचव्या हिश्श्याच्या घरात असतो. त्यात शिक्षा नसते, पण माणूस निर्दोषही ठरत नाही. यंत्रणेला हे सोयीचं पडतं.

जिथे सामान्य नागरिक ज्युरीत बसतात, तिथे निर्दोष सुटणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. 1 जून 2018 पासून जिल्हा कोर्टातही सहा जणांची ज्युरी मागता येते. पण ती मोजक्याच गुन्ह्यांना, आणि 228 चे नेहमीचे खटले त्यात येत नाहीत.

मग 'वरून फोन' येतच नाही?

येतो. सोव्हिएत काळात पक्षाचा स्थानिक सचिव न्यायाधीशाला फोन करून काय हवंय ते सांगत असे, आणि 'टेलिफोनचा कायदा' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा आहे. मात्र फोन लागतो तो निवडक प्रकरणांत. त्याच्या खुणा उघड दिसतात, कारण मग नेहमीची यंत्रणा आपल्याच नियमाविरुद्ध वागू लागते.

18 जुलै 2013 ला किरोव शहरातल्या कोर्टाने पुतिन यांचे विरोधक अलेक्सेय नवाल्नी यांना लाकूड कंपनीच्या अफरातफरीच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा दिली आणि कोर्टातूनच बेड्या घालून नेलं. संध्याकाळी मॉस्कोच्या रस्त्यांवर हजारो लोक जमले. दुसऱ्या दिवशी नवाल्नींना सोडलं, आणि सोडा असा अर्ज केला होता खुद्द प्रोकुरोरने! शिक्षा मागणाराच सुटका मागतो, हे रोजच्या कामकाजात घडत नाही. सप्टेंबरात ते मॉस्कोच्या महापौरपदाची निवडणूक लढले आणि 27 टक्के मतं मिळवून हरले. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा खटला मनमानी ठरवला, रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला, फेरसुनावणी झाली. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याच किरोवमध्ये पुन्हा तीच पाच वर्षं लागली, या वेळी स्थगित, आणि निकालाचा मजकूर पहिल्याशी जवळपास शब्दशः जुळणारा. फेब्रुवारी 2024 मध्ये नवाल्नी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या तुरुंगात वारले. युरोपीय न्यायालयाचं दार तोवर बंद झालं होतं. हे न्यायालय ज्या संघटनेचं, त्या युरोप परिषदेतून मार्च 2022 मध्ये रशियाला काढलं, आणि त्याच वर्षी 16 सप्टेंबरपासून ते न्यायालय तिथे लागू राहिलं नाही.

काठ्या मोजणारी यंत्रणा आणि फोन हे एकमेकांचे शत्रू नाहीत. जिथे आरोपपत्राला सहसा कुणी 'नाही' म्हणत नाही, तिथे फोन करणाऱ्याला आरोपपत्र तयार करवून घेतलं की पुरतं. 'माणूस असला की कलम सापडतं' ही रशियन म्हण त्याच अनुभवातून आलेली आहे.

तर मग लोक कोर्टात जातातच कशाला?

धडाधड जातात, आणि आपल्याला हेवा वाटावा असे निकाल घेऊन येतात. दिवाणी दावा दोन महिन्यांत, शांती-न्यायाधीशापुढे असेल तर एका महिन्यात संपवावा, असा नियम आहे. मुदती पुष्कळदा पाळल्याही जातात. कंपन्यांचे आपसातले वाद 'अर्बित्राझ' नावाच्या वेगळ्या कोर्टात चालतात. त्यांचे आदेश, तारखा, निकाल सगळे इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. पोटगी, थकलेला पगार, विमा कंपनीशी भांडण, अशा बाबतीत सामान्य माणसाला न्याय मिळतो आणि तो वेगाने मिळतो. वर्षानुवर्षं तारखा झेललेल्या आपल्याकडच्या पक्षकाराला हे खरं वाटणार नाही.

अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खातं आहे, कोर्टाच्या बेलिफांचं. पाच दिवसांत स्वतःहून पैसे भरा; नाहीतर वर जादा शुल्क लागतं, बँक खातं गोठतं, आणि देणं 30,000 रूबलच्या पुढे असेल तर देशाबाहेर जायला बंदी येऊ शकते. पोटगीसाठी ही मर्यादा 10,000 आहे. विमानतळावर पोचल्यावर आपल्यावर बंदी आहे हे कळलेली मंडळी तिथे कमी नाहीत.

म्हणजे दोन सामान्य माणसं भांडत असतील तर कायदा चालतो. समोर सरकार किंवा सरकारच्या जवळचा माणूस आला की गणित बदलतं. 2004 मध्ये युकोस या तेल कंपनीचा मुख्य भाग करवसुलीसाठी लिलावात निघाला. तो घेतला त्वेर शहरात नुकत्याच नोंदवलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या एका कंपनीने, आणि काही दिवसांत ती कंपनीच सरकारी रोसनेफ्तने विकत घेतली. प्रत्येक पायरीला कोर्टाचा कागद होता.

सगळे सोव्हिएत वारस सारखेच?

नाहीत. एस्टोनियाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच जुन्या न्यायाधीशांना पुन्हा निवडीतून जायला लावलं, प्रोकुरोरची देखरेख काढली, कायदे जर्मन वळणाचे केले. देश छोटा होता, युरोपीय संघात जायची ओढ होती, जमलं. जॉर्जियाने 2000 च्या दशकात अख्खं वाहतूक पोलीस खातं बरखास्त केलं, काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी बांधली, चिरीमिरी जवळपास संपवली. पण तिथेही निर्दोष सुटका दुर्मीळच राहिली, आणि सप्टेंबर 2012 मध्ये तुरुंगातल्या छळाचे व्हिडिओ बाहेर आल्यावर पुढच्याच महिन्यात सरकार पडलं. युक्रेनने 2019 मध्ये भ्रष्टाचारासाठी वेगळं उच्च न्यायालय सुरू केलं, आणि मे 2023 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांनाच लाचेच्या आरोपाखाली अटक झाली. कझाकस्तानने वेगळीच पळवाट काढली: अस्तानाच्या आर्थिक केंद्रासाठी 2018 पासून इंग्रज न्यायाधीश आणून इंग्लंडच्या धर्तीचं कोर्ट थाटलं. परक्या गुंतवणूकदाराला एक कायदा आणि घरच्याला दुसरा, हे त्यातून सरकारनेच कबूल केलं असं मला वाटतं.

आपलं कुणी तिकडे असेल तर

कोर्टात न्याय मिळेलच, हा भरवसा आपण भारतात धरतो तसा तिथे धरून चालत नाही. जे काही वाचवायचं ते पहिल्या दोन दिवसांत. कोर्टाच्या आदेशाशिवाय 48 तासांच्या पुढे डांबता येत नाही. राज्यघटनेच्या 51 व्या कलमाने स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. तिथले लोक नुसतं 'एक्कावन्न' म्हणतात आणि गप्प बसतात. दुभाषी मागणं हा हक्क आहे. भारतीय वकिलातीला कळवा, असंही लगेच म्हणता येतं. तपास अधिकाऱ्याने बोलावून आणलेला वकील नाकारून आपला वकील लावता येतो, आणि शक्य असेल तर लावावाच, कारण काही 'नेमलेले' वकील तपास अधिकाऱ्याच्याच मर्जीतले असतात.

विद्यार्थ्यांना जास्त करून गाठतो तो मात्र फौजदारी कायदा नव्हे, राहण्याच्या नोंदणीचा नियम. पत्ता बदलला आणि नोंदणी राहिली, व्हिसाची मुदत उलटली, की दंड आणि देशाबाहेर रवानगी, आणि सुनावणी कधीकधी काही मिनिटांची. सहीचं तर विचारूच नका. 2024 मध्ये रशियन सैन्यात अडकलेल्या कित्येक भारतीयांनी सांगितलं की रशियन भाषेतल्या करारावर त्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. सप्टेंबर 2022 च्या हुकुमाने असे करार मुदत संपल्यावरही चालूच राहतात, त्यामुळे वर्षभराचा म्हणून सही केलेला कागद वर्षभराने संपत नाही. आणि 'कबूल कर, शिक्षा कमी होईल' असं कुणी म्हणालं तर ते खोटं नसतं, फक्त अर्धं असतं: विशेष प्रक्रियेला एकदा हो म्हटलं की पुरावाच चुकीचा होता या कारणाने वरच्या कोर्टात जाता येत नाही.